वेतनकराराची पूर्वतयारी (नागपूर)

कारखान्यातील वेतनकराराची मुदत संपण्याआधी कामगार आणि त्यांची युनियन मिळून मागणीपत्र, हिशोब आणि बोलणी करणारी समिती तयार करतात, त्या कामाला वेतनकराराची पूर्वतयारी म्हणतात. नागपुरात पगारावरून कामगार उभे राहण्याची परंपरा जुनी आहे. एम्प्रेस मिलच्या विणकरांनी १८७७ साली वेतनदरांसाठी केलेला संप देशातील अगदी सुरुवातीच्या संपांत गणला जातो. आज अशा बोलण्यांची मुख्य ठिकाणे हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसी ही आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे, पण कोळसा कामगारांचा पगार राष्ट्रीय पातळीवरील द्विपक्षीय समितीत ठरतो. त्यामुळे ही नोंद खासगी कारखान्यांपुरती आहे.

करार साधारण तीन वा चार वर्षांचा असतो. मुदत संपली म्हणून तो आपोआप सुटत नाही. समाप्तीची लेखी नोटीस दिल्यापासून ६० दिवसांपर्यंत तो बंधनकारक राहतो. नोटीस उशिरा गेली की नवा पगार कोणत्या तारखेपासून, हा वाद पहिल्याच बैठकीत निघतो आणि एरियर्स, म्हणजे मागच्या तारखेपासूनचा पगारातला फरक, बुडतात. तयारी मुदतीच्या सहा महिने आधी सुरू करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. तिच्यानुसार एकापेक्षा जास्त युनियन असतील तर किमान ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, तीच वाटाघाटीची युनियन. एकीकडेही तेवढे नसले तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियनांची परिषद बसते. म्हणून पहिले काम सभासद नोंदणी आणि पावतीपुस्तके पक्की करण्याचे.

दुसरे काम पगारपत्रके गोळा करण्याचे. प्रत्येक खात्यातून आणि प्रत्येक श्रेणीतून, जुन्या-नव्या दोन्ही कामगारांची. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे आणि इतर भत्ते अशा रकान्यांचा तक्ता करतात. युनियन ज्या महासंघाशी जोडलेली आहे, त्याच्या शहर कार्यालयातला पूर्णवेळ कार्यकर्ता इथे सर्वांत उपयोगी पडतो, कारण त्याच्या कपाटात शेजारच्या कारखान्यांचे करार असतात. त्याच भागातल्या, त्याच उद्योगातल्या पगाराशी तुलना केलेली मागणी टिकते. पुण्याच्या कारखान्याचा आकडा आणला की व्यवस्थापन तो बाजूला ठेवते. कंपनीचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक कंपनी निबंधकांकडे शुल्क भरून पाहता येतात. नफा-तोटा पत्रकात कर्मचाऱ्यांवरील खर्चाची तीन-चार वर्षांची ओळ आधी पाहावी.

महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला असेल तर करारात कोणता निर्देशांक लिहिला आहे ते वाचावे. लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात नागपूर केंद्राचा वेगळा आकडा देतो. २०१६ हे पायाभूत वर्ष धरलेल्या नव्या मालिकेचा आकडा जुन्या मालिकेत बदलण्यासाठी ज्याने गुणतात, तो २.८८ हा जोडगुणक अखिल भारतीय निर्देशांकाचा आहे. तो नागपूरच्या आकड्याला लावला की सगळा हिशोब बिघडतो, आणि ही चूक वारंवार होते.

‘सहा हजारांची वाढ’ ऐकून गेटवर टाळ्या पडतात. त्या रकमेत कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरली आहे का, हे विचारायलाच हवे. वाढ पूर्ण मूळ पगारात असेल तर ६,००० रुपयांच्या ‘एकूण खर्चा’तून वाढीव मूळ पगारावरचे १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी वजा होऊन मूळ पगारात सुमारे ५,१३७ रुपये येतात. कामगाराचा स्वतःचा पीएफ कापला की हातात ४,५२० च्या आसपास. भत्त्यांत टाकलेली वाढ हातात जास्त दिसते, पण ग्रॅच्युइटीच्या हिशोबात ती नेहमीच धरली जात नाही.

वाढीची वाटणीही बघावी. तीन वर्षांत महिना ६,००० ची वाढ पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ४०-३०-३० टक्क्यांनी दिली तर ३६ महिन्यांत १,५१,२०० रुपये मिळतात. ६०-२०-२० ने दिली तर १,७२,८००. आकडा तोच, फरक २१,६०० चा. बरेच कामगार एका जागी अडखळतात, ती ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) २१,००० ची पगारमर्यादा. १९,५०० पगाराला २,४०० मिळाले की तो २१,९०० होतो आणि चालू अंशदान-काळ (वर्गणी भरण्याचा कालावधी) संपल्यावर कामगार योजनेबाहेर जातो, पुढे दवाखान्याचे कार्डही बंद. त्यामुळे मेडिक्लेमची मागणी याच मागणीपत्रात हवी.

मागणीपत्र गेट मीटिंगमध्ये वाचून ठरावाने मंजूर करावे आणि देताना पोच घ्यावी. प्रत्येक बैठकीचे टिपण त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सहीने व्हावे. तोंडी कबुली नंतर कोणी मानत नाही. बोलणी अडली तर प्रकरण कामगार आयुक्तालयात समेटासाठी जाते. तिथे झालेला करार सर्व कामगारांना लागू होतो, परस्पर केलेला फक्त सह्या करणाऱ्या पक्षांना. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलमांवरून जुनी मंडळी अजूनही यांना अनुक्रमे ‘१२(३)’ आणि ‘१८(१)’ म्हणतात. समेट चालू असताना आणि तो संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. एरवीही १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच ठरतो. उत्साहात रजेचे अर्ज गोळा करणाऱ्यांना हे आधी सांगावे लागते.