पगाराची नोंद एका खात्याची, हक्काचा निर्णय दुसऱ्याचा

जुलै 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या कायद्यानुसार मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेतल्या लाखो प्रौढांना महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं सिद्ध करावं लागणार आहे. राज्यांना त्यासाठी 1 जानेवारी 2027 ची मुदत आहे. कायद्यात एक चांगली गोष्ट आहे: लाभार्थ्याकडे कागद मागण्याआधी राज्यानं सरकारदरबारी असलेल्या पगाराच्या नोंदी शक्य तिथे स्वतःच तपासायच्या आहेत. या नोंदी मुळात कोणी आणि कशासाठी लिहायला घेतल्या, हे समजायला मात्र नव्वद वर्षं मागे जावं लागतं.

1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानं म्हातारपणचं निवृत्तिवेतन आणि बेरोजगारी विमा या दोन्हींचा पाया घातला. 1936 च्या अखेरीस कामगारांना क्रमांक मिळू लागले आणि त्या क्रमांकाखाली पगार नोंदवला जाऊ लागला. बेरोजगारी विम्यासाठी मालक राज्याकडे दर तिमाहीला विवरण भरतो. त्यात कामगाराचं नाव, क्रमांक आणि तीन महिन्यांचा एकूण पगार असतो. कोणत्या आठवड्यात किती कमावलं हे त्यात नसतं आणि बहुतेक राज्यांत कामाचे तासही नसतात. विम्याची वर्गणी ठरवायला तेवढं पुरत होतं. पुढच्या सगळ्या कहाणीत ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

या नोंदी दुसऱ्या याद्यांवर ठेवून पाहण्याची कल्पना संगणकामुळे आली. 1977 मध्ये आरोग्य, शिक्षण व कल्याण मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी ‘प्रोजेक्ट मॅच’ सुरू केला. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या टेप आणि मुलं असलेल्या गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या मदतीच्या याद्या यांची जुळवणी करायची, असा तो बेत होता. जेमतेम तीन वर्षांपूर्वी, 1974 मध्ये, खासगीपणाचा कायदा झाला होता. एका कामासाठी घेतलेली माहिती संमतीवाचून दुसऱ्या कामाला वापरू नये, हे त्याचं मूळ तत्त्व. पण त्यात ‘नित्याचा वापर’ अशी एक सवलत होती आणि जुळवणी तिच्यात बसवण्यात आली. दोन्ही याद्यांत नाव सापडलं म्हणजे माणूस लबाड, असा अर्थ होत नव्हता. कमी पगाराचा कर्मचारी नियमानं मदतीस पात्र असू शकत होता. जुळवणीतून फक्त प्रश्न हाती येतो. त्याचं उत्तर शोधायला माणूस लावावा लागतो आणि खरा खर्च तिथेच असतो.

1984 पासून राज्यांना उत्पन्न पडताळणीची यंत्रणा उभारणं सक्तीचं झालं. त्यानंतरचा 1988 चा संगणकीय जुळवणी व खासगीपणा संरक्षण कायदा मला या इतिहासातला सगळ्यात शहाणा टप्पा वाटतो. दोन खात्यांनी आधी लेखी करार करायचा. प्रत्येक खात्यातल्या मंडळानं तो तपासायचा. खर्च आणि फायद्याचा हिशेब मांडायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, नुसत्या जुळवणीवरून कोणाचा लाभ थांबवायचा नाही. आधी स्वतंत्र पडताळणी, मग नोटीस आणि बाजू मांडायला मुदत. खर्च-फायद्याचा हिशेब मात्र तेव्हापासूनच लंगडा राहिला आहे. वाचलेले डॉलर मोजता येतात, खात्याचे मनुष्यतासही मोजता येतात. पण दोन वर्षांपूर्वीची पेस्लिप मिळवण्यासाठी बंद पडलेल्या दुकानाचा मालक शोधत फिरणाऱ्या बाईचे दिवस कोणत्या रकान्यात लिहायचे?

1996 च्या कल्याण सुधारणा कायद्यानं नव्यानं कामावर लागलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. नवा माणूस घेतल्यावर मालकानं साधारण 20 दिवसांत राज्याला कळवायचं, राज्यानं केंद्राला. उद्देश होता मुलांच्या पोटगीच्या वसुलीचा. राज्य बदलून पोटगी चुकवणाऱ्या पालकांना गाठायचं होतं. लवकरच इतर खाती दारात उभी राहिली. थकीत विद्यार्थी-कर्ज, सरकारी घरांचं अनुदान, बेरोजगारी भत्ता, आणि 2014 च्या शेती कायद्यानंतर अन्नसाहाय्य. प्रत्येक वाढीव वापरासाठी कायद्याची परवानगी लागली आणि नोंदी दोन वर्षांनी पुसण्याचं बंधनही राहिलं. फायदा खराच होता. तिमाही विवरण हाती येईपर्यंत माणूस कामावर लागून काही महिने झालेले असतात. नव्या नोकरीची खबर लवकर लागली तर भत्ता वेळेत थांबतो आणि पुढे त्या माणसाच्या डोक्यावर बसणारी वसुलीही लहान राहते. लवकर कळणं लाभार्थ्याच्याही भल्याचं असतं, हे विरोधकांनी मान्य करायला हवं.

घोळ होतो तो एका खात्याचं कॅलेंडर दुसऱ्यावर लादल्यानं. ऑस्ट्रेलियात कर खात्याकडे वर्षाचं उत्पन्न होतं आणि भत्ता ठरत होता पंधरवड्याच्या कमाईवर. समजा एका मुलीनं पहिले सहा महिने नोकरी करून 26,000 डॉलर मिळवले. नोकरी गेली, म्हणून उरलेले सहा महिने भत्ता घेतला आणि त्या काळातली कमाई शून्य असं खरंखरं कळवलं. आता 26,000 ला वर्षाच्या 26 पंधरवड्यांनी भागा. कागदावर तिनं दर पंधरवड्याला 1,000 डॉलर कमावले, म्हणजे सहा महिने ती खोटं बोलत होती! ‘रोबोडेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना 2016 पासून असाच भागाकार करून नोटिसा काढत होती. पूर्वी तफावत दिसली की खातं मालकाकडून तपशील मागवायचं. आता तो पुरावा लाभार्थ्यानं आणायचा होता. सुमारे 4,33,000 लोकांवर 1.7 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक बेकायदा देणं चढवलं गेलं. 2019 च्या अखेरीस सरकारनं न्यायालयात हार मानली. जुलै 2023 मध्ये चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल आला. जीव दिलेल्या तरुणांच्या आयांनी त्या आयोगापुढे साक्ष दिली होती.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 2013 ते 2015 दरम्यान बेरोजगारी भत्त्यात हेच तिमाही पगाराच्या बाबतीत घडलं. तीन महिन्यांची रक्कम आठवड्यांवर सारखी पसरली जायची आणि संगणक माणसाविना फसवणुकीचा शिक्का मारून चौपट दंड लावायचा. नंतर राज्यानं सुमारे 22,000 प्रकरणं तपासली, तेव्हा त्यांतली 93 टक्के चुकीची निघाली.

नोंद ताजी केली की प्रश्न सुटतो, असं ब्रिटनला वाटलं होतं. एप्रिल 2013 पासून तिथले मालक पगाराच्या दिवशी किंवा त्याआधीच कर खात्याला आकडा कळवतात आणि तोच आकडा युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या मदतीचा मासिक लाभ ठरवतो. महिनाअखेर शनिवारी-रविवारी आली की पगार शुक्रवारी जमा व्हायचा आणि लाभ ठरवण्यासाठी धरलेल्या एकाच महिन्यात दोन पगार दिसायचे. लाभ कोसळायचा, पुढच्या महिन्यात उसळायचा. चार एकल माता न्यायालयात गेल्या. जून 2020 मध्ये अपील न्यायालयानं ही पद्धत तर्कविसंगत ठरवली.

यावरून माहिती खात्याखात्यांत कुलूपबंदच ठेवावी असं म्हणणंही मला पटत नाही. 2020 च्या साथीत अमेरिकेनं स्वयंघोषणेवर बेरोजगारी भत्ता दिला, राज्यांच्या याद्या एकमेकींना धड दिसत नव्हत्या, आणि महालेखा कार्यालयाच्या अंदाजानं 100 ते 135 अब्ज डॉलर लबाडीत गेले. 2023 मध्ये साथीच्या काळातलं, नाव न कापण्याचं संरक्षण उठल्यावर मेडिकेडमधून अडीच कोटींच्या आसपास लोक बाहेर पडले. त्यांतले बहुसंख्य अपात्र ठरून गेले नव्हते, त्यांचे कागद वेळेत पोचले नव्हते. सरकारकडे आधीच असलेली नोंद वापरली असती तर कितीतरी जणांना फॉर्मच भरावा लागला नसता. बेल्जियमनं 1990 मध्ये सामाजिक सुरक्षेची ‘क्रॉसरोड्स बँक’ उभारली ती याच विचारानं. माहिती ज्या त्या संस्थेकडेच राहते, बँक फक्त कोणती माहिती कुठे आहे हे सांगते, आणि नागरिकाला तेच पुन्हापुन्हा विचारायचं नाही असा दंडक आहे.

अमेरिकेच्या नव्या अटीची एक रंगीत तालीम होऊन गेली आहे. आर्कान्सा राज्यानं 2018 मध्ये मेडिकेडला 80 तासांची अट लावली. तास कळवायचे ते सुरुवातीला फक्त संकेतस्थळावर आणि ते रात्री नऊ ते सकाळी सात बंद असायचं. काही महिन्यांत 18,000 हून अधिक लोकांचं आरोग्य संरक्षण गेलं. मार्च 2019 मध्ये न्यायालयानं ती अट रोखली.

नव्या कायद्यानं तासांचा पेच थोडा सोडवला आहे. किमान वेतन ताशी 7.25 डॉलर धरून महिन्याला 580 डॉलर उत्पन्न दिसलं, तर 80 तास झाले असं मानायचं. हंगामी कामगारांसाठी सहा महिन्यांची सरासरी चालेल, म्हणजे ज्या भागाकारानं ऑस्ट्रेलियात लोक बुडाले तोच इथे कामगाराच्या बाजूनं वापरलाय. पण तिमाही विवरणात येतो तो पगारदार. ॲपवर डिलिव्हरी करणारा, चार घरी रोखीनं साफसफाई करणारी, शेजाऱ्यांची मुलं सांभाळणारी, यांची नावं त्या फायलीत सहसा नसतातच. त्यांना पुन्हा कागदच गोळा करावे लागतील, दर खेपेला.