मांजऱ्या खडकातले हवाई

किलाउआ ज्वालामुखी २३ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा जागा झाल्यापासून ‘हवाईत लाव्हाची कारंजी’ असे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात, आणि कारंजी हवेत उडतात म्हणून ती ‘हवाई’, असा अर्थ लावणारा एखादा वाचक मला हमखास भेटतो. दोष त्याचा नाही. मराठीतला ‘हवाई’ हा शब्द ‘हवा’ या अरबी शब्दावरून आला. प्रशांत महासागरातल्या बेटाचे नाव मात्र पॉलिनेशियन असून, सामोआतले सावाई बेट आणि न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींच्या कथांतली मूळभूमी हवाइकी या नावांशी त्याचे सख्खे नाते आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाईवर हवाई हल्ला झाला, या वाक्यातले दोन्ही ‘हवाई’ एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

हे नाव मूळचे एका बेटाचे. ते पुढे सगळ्या द्वीपसमूहाला आणि १९५९ मध्ये अमेरिकेच्या पन्नासाव्या राज्याला मिळाले. हवाईयन पिझ्झा १९६२ साली कॅनडात जन्मला, तोही डबाबंद अननसाच्या नाममुद्रेवरून नाव घेऊन. त्याच साली ब्राझीलमध्ये झोरी या जपानी सपाट चपलेवर बेतलेली रबरी चप्पल ‘हवायानास’, म्हणजे ‘हवाईवासी’, या नावाने विकली जाऊ लागली. आपली हवाई चप्पलही याच बेटांच्या नावावर सांगितली जाते.

मला स्वतःला या नावाचा सर्वांत मोलाचा वापर भूविज्ञानात दिसतो. कमी सिलिकेचा, पातळ लाव्हा फारसा स्फोट न होता कारंज्यांच्या आणि प्रवाहांच्या रूपाने बाहेर पडतो, त्या उद्रेकाला जगभर ‘हवाईयन’ म्हणतात. बेटावरच्या लोकांचे दोन शब्दही एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या अमेरिकन भूवैज्ञानिकाने शास्त्रात रुजवले: गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्यांचा लाव्हा म्हणजे ‘पाहोएहोए’ आणि अणकुचीदार ढेकळांचा लाव्हा म्हणजे ‘आ-आ’. दोघांचे रासायनिक घटक तेच असू शकतात. साखरेचा पाक घोटत राहिले की तो कणी धरतो, तसाच उतारावरून वेगाने ढवळत जाणारा लाव्हा निवता निवता स्फटिक धरतो, दाट होतो आणि त्याची साल ताणली न जाता फाटते. पाहोएहोएचा असा आ-आ होतो. आ-आचा पुन्हा पाहोएहोए सहसा होत नाही.

पाहोएहोएची खरी गंमत त्याच्या फुगण्यात आहे. सुमारे ११५० अंश सेल्सिअसचा लाव्हा सपाट जमिनीवर वीतभर जाडीच्या जिभेसारखा पसरतो आणि दुधावर साय धरावी तशी त्यावर साल धरते. दगड उष्णतेचा मंदवाहक असल्याने सालीखाली रस गरमच राहतो, मागून नवा रस येत राहतो, आणि जीभ पुढे सरकण्याऐवजी साल वर उचलून कित्येक मीटर फुगते. रसातून वर चढणारे वायूचे बुडबुडे या सालीत अडकतात. साल जाड होण्याचा वेग मात्र घटत जातो, कारण लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: १ मीटर सालीला सुमारे ७ दिवस, २ मीटरला सुमारे २७ दिवस.

या बेटावरचा दगड खिशात घातला की ज्वालामुखीची देवी पेले कोपते, या समजुतीने पर्यटक उचलून नेलेले दगड टपालाने परत पाठवतात. जुन्या हवाईयन परंपरेत हा शाप नाही. तो विसाव्या शतकातला आहे. दगड उचलू नये हे खरेच, पण त्यासाठी देवीला वेठीला धरण्याची गरज नाही.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या खडकाचे, थर वाचताना आपले भूवैज्ञानिक हेच दोन शब्द वापरतात. पश्चिम महाराष्ट्रात विहीर खणणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात, तो पांढऱ्या ठिपक्यांचा खडक म्हणजे पुष्कळदा फुगलेल्या पाहोएहोएची वरची साल असते. ठिपके म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर साठलेली झिओलाइटसारखी खनिजे, आणि त्याखाली लागणारा अखंड काळा पाषाण म्हणजे सालीखाली सावकाश निवालेला रस. घाटरस्त्याच्या कापणीत एखाद्या थराची ही सच्छिद्र साल ५ मीटर भरली, तर तो थर जवळजवळ सहा महिने फुगत होता, असा हिशेब किलाउआवर बेतलेल्या, जाडीच्या वर्गाच्या त्याच सूत्राने मांडता येतो.