वेल्टरवेटचा पट्टा: १४७ पौंडांच्या जगज्जेतेपदाची पार्श्वभूमी

वेल्टरवेट जगज्जेतेपदाची मोठी लढत गोव्यात बहुधा रविवारी सकाळी पाहिली जाते. लास वेगासमध्ये शनिवारी रात्री नऊच्या सुमारास दोन्ही मुष्टियोद्धे रिंगकडे निघतात, तेव्हा आपल्याकडे, तिथल्या उन्हाळ्याच्या वेळेनुसार, साडेनऊ झालेले असतात आणि म्हापसा-मडगावच्या बाजारातून मासळी घेऊन आलेला माणूस टीव्हीसमोर बसलेला असतो. पडद्यावर निवेदक चार-चार संघटनांची नावे घेतो, कोणाच्या तरी खांद्यावर दोन पट्टे असतात, कोणाच्या कमरेला एक, आणि खरा जगज्जेता नेमका कोण, हा प्रश्न पहिली घंटा होईपर्यंत सुटत नाही. या वजनगटाचा पट्टा एकाकडे आणि सर्वश्रेष्ठ असल्याची ख्याती दुसऱ्याकडे, असेच गेल्या सव्वाशे वर्षांत बहुतेक वेळा घडले आहे. हे दोन्ही एकाच माणसाकडे आले अशा रात्री मोजक्याच आहेत आणि या गटाची कीर्ती त्यांच्यावरच उभी आहे.

गटाची मर्यादा १४७ पौंड, म्हणजे ६६.६८ किलो. हातमोजे घालून लढण्याचे, तीन मिनिटांच्या फेरीचे आणि एक मिनिटाच्या विश्रांतीचे क्वीन्सबेरी नियम १८६७ साली आले. त्या नियमांखालचा पहिला वेल्टरवेट जगज्जेता म्हणून पॅडी डफीचे नाव १८८८पासून घेतले जाते. तेव्हा मर्यादा पक्की नव्हती. कधी १४२, कधी १४५ पौंडांवर लढती ठरत, आणि जगज्जेता आपल्या सोयीचे वजन पुढे करी. न्यूयॉर्क राज्याने १९२० साली मुष्टियुद्धाचा कायदा केला आणि त्यानंतर १४७चा आकडा सर्वत्र रुजला. त्याआधीच्या काळातला जो वॉलकॉट विसरता येणार नाही. बार्बाडोसच्या या मुष्टियोद्ध्याची उंची सव्वापाच फुटांहूनही कमी होती, तरी त्याने १९०१ साली जगज्जेतेपद मिळवले आणि आपल्याहून कितीतरी जड माणसांशीही तो लढत राहिला. जॅक ब्रिटन आणि टेड ‘किड’ लुईस यांनी तर १९१५ ते १९२१ या काळात एकमेकांशी २० लढती केल्या. आजचे जगज्जेते वर्षाला एक-दोन लढती करतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो.

वजनकाट्याची गंमत हेन्री आर्मस्ट्राँगच्या बाबतीत उलटी झाली. फेदरवेट या बऱ्याच हलक्या गटाचा जगज्जेता असताना त्याने ३१ मे १९३८ रोजी बार्नी रॉसला हरवून वेल्टरवेटचे पद जिंकले. इतर बॉक्सर वजन उतरवण्यासाठी उपाशी राहतात, तर याला काट्यावर पुरेसे भरण्यासाठी पोटभर पाणी प्यावे लागले, असे सांगतात. तरीही तो १३४ पौंडांच्या आसपासच भरला आणि रॉस १४२ पौंडांचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने या दोहोंमधल्या लाइटवेट गटाचे पदही घेतले आणि तीन गटांची जगज्जेतेपदे एकाच वेळी स्वतःकडे ठेवली. तेव्हा प्रत्येक गटात सर्वसाधारणपणे एकच जगज्जेता मानला जाई, त्यामुळे आजच्या तीन गटांतल्या पट्ट्यांशी त्याची तुलना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच्या पाठोपाठ आलेल्या शुगर रे रॉबिन्सनला मात्र वाट पाहावी लागली. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो या गटातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा होता, हे बहुतेक सगळे मानत होते. परंतु लढती जुळवणाऱ्या गुन्हेगारी टोळ्यांशी त्याने जमवून घेतले नाही आणि त्याला जगज्जेतेपदाची संधी २० डिसेंबर १९४६ रोजी मिळाली. टॉमी बेलला गुणांवर हरवून त्याने ती साधली. पुढच्याच वर्षी, जून १९४७मध्ये, क्लीव्हलँड येथे पद राखताना त्याच्या ठोशाने जिमी डॉइल कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. चौकशीत रॉबिन्सनला विचारण्यात आले की, डॉइल अडचणीत आहे हे त्याच्या लक्षात आले होते का. प्रतिस्पर्ध्याला अडचणीत आणणे हाच आपला धंदा आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. ते निर्दय वाटते, पण खोटे म्हणता येत नाही.

या गटावरचा सर्वांत गडद डाग मात्र २४ मार्च १९६२चा आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेनी पॅरेट आणि एमिल ग्रिफिथ तिसऱ्यांदा समोरासमोर आले होते. आधीच्या दोन लढतींत दोघांनी एकेकदा जगज्जेतेपद एकमेकांकडून हिसकावले होते. वजन काढण्याच्या वेळी पॅरेटने ग्रिफिथच्या लैंगिकतेवरून त्याला अपमानास्पद शब्द वापरले, आणि त्या काळात असा उल्लेख म्हणजे माणसाचे आयुष्य उघड्यावर आणणे होते. पॅरेटचीही अवस्था बरी नव्हती. साडेतीनच महिन्यांपूर्वी वरच्या गटातल्या जीन फुलमरकडून त्याने जबर मार खाल्ला होता आणि तरीही त्याला रिंगमध्ये उतरू दिले गेले. बाराव्या फेरीत तो कोपऱ्यातल्या दोऱ्यांना टेकला, हात खाली आले, आणि ग्रिफिथचे ठोसे एकामागून एक त्याच्या डोक्यावर पडत राहिले. दोऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे तो खालीही पडू शकला नाही. पंच रुबी गोल्डस्टीन मध्ये पडेपर्यंत उशीर झाला होता. पॅरेट शुद्धीवर आलाच नाही आणि ३ एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. हे सारे अमेरिकेतील घराघरांत थेट दिसले होते. दोन-तीन वर्षांतच साप्ताहिक मुष्टियुद्ध तिथल्या प्रमुख वाहिन्यांवरून जवळजवळ नाहीसे झाले. ग्रिफिथ त्यानंतरही बरीच वर्षे लढला, पण प्रतिस्पर्ध्याला संपवण्याची त्याची पूर्वीची वृत्ती राहिली नाही, असे तो स्वतःच सांगत असे.

आज एखादा पंच ‘लवकर’ लढत थांबवतो आणि प्रेक्षक ओरडतात, तेव्हा हा इतिहास आठवलेला बरा. जगज्जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२वर आल्या, त्याचे कारणही एक मृत्यूच आहे. नोव्हेंबर १९८२मध्ये लाइटवेटच्या लढतीत चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा डुक कू किम मरण पावला आणि जगज्जेतेपदे देणाऱ्या संघटनांपैकी डब्ल्यूबीसीने पुढच्या वर्षापासून १२ फेऱ्यांची मर्यादा घातली. इतर संघटनांनी दशक संपेपर्यंत तेच केले.

वेल्टरवेटचा सुवर्णकाळ मात्र १५ फेऱ्यांच्या शेवटच्या वर्षांतला आहे. शुगर रे लेनर्डने नोव्हेंबर १९७९मध्ये विल्फ्रेड बेनिटेझला हरवले. त्यानंतर २० जून १९८० रोजी मॉन्ट्रियलमध्ये, जिथे त्याने चार वर्षांपूर्वी ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले होते, पनामाच्या रॉबर्टो डुरानकडून तो हरला. डुरानने त्याला पायांवर खेळू दिले नाही, अंगाशी भिडून लढायला लावले. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये लेनर्डने डुरानची टवाळी करत त्याला हवेत ठोसे मारायला लावले आणि आठव्या फेरीत डुरान लढत सोडून, पाठ फिरवून चालू लागला.

पण एकच लढत पाहायची झाली तर १६ सप्टेंबर १९८१ची लेनर्ड विरुद्ध थॉमस हर्न्स ही पाहावी. डब्ल्यूबीसीचे पद लेनर्डकडे, डब्ल्यूबीएचे हर्न्सकडे, हर्न्स ३२ लढतींत अपराजित. उंच हर्न्सचा लांब डावा हात लेनर्डला जवळ येऊ देत नव्हता आणि लेनर्डचा डावा डोळा सुजून बंद होत चालला होता. सहाव्या-सातव्या फेरीत भूमिका उलटल्या. लेनर्डने बरगड्यांवर मारा केला आणि घणाघाती ठोशांसाठी प्रसिद्ध असलेला हर्न्स मागे सरकत गुण वेचू लागला. तेरा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणलेखकांच्या कागदावर हर्न्सच पुढे होता. चौदाव्या फेरीत लेनर्डने त्याला दोऱ्यांवर गाठले आणि पंचांनी लढत थांबवली. बारा फेऱ्यांची लढत असती, तर हर्न्सच जिंकला असता.

एक झालेला पट्टा पुन्हा फुटायला वेळ लागला नाही. संघटनांची गणती सोपी आहे: डब्ल्यूबीए हे नाव १९६२चे, डब्ल्यूबीसी १९६३ची, आयबीएफ १९८३ची, डब्ल्यूबीओ १९८८ची. प्रत्येक संघटना जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी शुल्क घेते, म्हणून पदे जितकी जास्त तितके उत्पन्न जास्त. डोनाल्ड करीने १९८५च्या डिसेंबरात तेव्हाचे तिन्ही पट्टे एकत्र आणले. दहाच महिन्यांत ब्रिटनच्या लॉइड हनीगनने त्याला हरवले. वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेच्या मुष्टियोद्ध्याशी लढायला डब्ल्यूबीएने सांगितले, तेव्हा हनीगनने तिचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. पट्टा नाकारण्याचे इतके सन्माननीय कारण क्वचितच कोणाकडे असेल.

त्याच्या नेमका उलट प्रकार २००६च्या जानेवारीत घडला. अर्जेंटिनाच्या कार्लोस बाल्डोमिरने झॅब जुडाला रीतसर हरवले, परंतु त्याने फक्त डब्ल्यूबीसीचेच शुल्क भरले असल्यामुळे त्याला तेवढेच पद मिळाले. हरलेला जुडा आयबीएफच्या दफ्तरी जगज्जेताच राहिला आणि तीन महिन्यांनी तेच पद घेऊन फ्लॉइड मेवेदरसमोर उभा राहिला. मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या लढतीची बोलणी २००९मध्ये सुरू झाली, उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीच्या अटींवर अडली आणि लढत २ मे २०१५ रोजी झाली. अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे भरून ती पाहिली. मेवेदर गुणांवर सहज जिंकला, आणि दोघांचा भर ओसरल्यावर झालेली ही लढत पाहून माझ्यासारख्या अनेकांची निराशा झाली.

या गटात एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी असते ती हातांची. वेल्टरवेटपर्यंत हातमोजे साधारणपणे ८ औंसांचे असतात आणि त्यावरच्या गटांत १० औंसांचे, म्हणजे सर्वांत पातळ मोज्यांतले सर्वांत जड ठोसे इथे बसतात. मोज्यांच्या आत हाताला कापडी पट्टी आणि चिकटपट्टी गुंडाळतात आणि ते पाहायला प्रतिस्पर्ध्याच्या गोटातला माणूस समोर बसतो. जानेवारी २००९मध्ये लॉस एंजेलिसला अँटोनियो मार्गारिटोचे हात बांधले जात असताना शेन मोझलीचे प्रशिक्षक नाझिम रिचर्डसन यांनी हरकत घेतली. पट्ट्या उलगडल्या, तेव्हा आत प्लास्टरसारखा कडक झालेला थर सापडला. मार्गारिटोला नव्याने हात बांधून लढावे लागले, तो नवव्या फेरीत हरला आणि कॅलिफोर्नियाने त्याचा परवाना रद्द केला.

भारताचा या इतिहासाला झालेला स्पर्श लंडन ऑलिम्पिकमधला आहे. तेव्हाच्या ६९ किलो गटात विकास कृष्णने अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सला १३-११ असे हरवल्याचे जाहीर झाले. काही तासांनी अमेरिकेच्या तक्रारीवरून निकाल फिरवण्यात आला. विकासने शेवटच्या फेरीत नऊ वेळा प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले आणि आधीच्या फेरीत दातांवरचे संरक्षक मुद्दाम टाकले, असे कारण देऊन स्पेन्स १५-१३ने विजयी ठरला. तोच स्पेन्स पुढे तीन पट्ट्यांचा व्यावसायिक जगज्जेता झाला. त्याच गटात लवलिना बोर्गोहेनने टोकियोत कांस्यपदक मिळवले. गोव्यापुरते बोलायचे तर व्यावसायिक मुष्टियुद्ध मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजावर येऊन गेले आहे. १९ मार्च २०२१ रोजी ‘मॅजेस्टिक प्राइड’च्या गच्चीवर रशियाच्या आर्तिश लोपसानने विजेंदर सिंगची सलग १२ विजयांची मालिका पाचव्या फेरीत तोडली. तो वजनगट मात्र बराच वरचा होता.

चारही पट्टे पुरुषांच्या वेल्टरवेटमध्ये पहिल्यांदा एकत्र आले ते २९ जुलै २०२३ रोजी. टेरेन्स क्रॉफर्डने स्पेन्सला दुसऱ्या फेरीत एकदा आणि सातव्या फेरीत दोनदा खाली पाडले आणि नवव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. स्त्रियांच्या गटात नॉर्वेच्या सेसिलिया ब्रेकहुसने हेच २०१४ साली करून दाखवले होते, याची आठवण त्या सकाळी फारशी कोणी काढली नाही. चार महिन्यांच्या आत आयबीएफने क्रॉफर्डचे पद काढून जेरॉन एनिसला दिले. लवकरच क्रॉफर्ड वरच्या गटांत गेला, एनिसही गेला, आणि चारही पट्टे पुन्हा चार दिशांना पांगले. १९ जुलै २०२५ रोजी ४६ वर्षांचा पॅकियाओ चार वर्षांच्या निवृत्तीनंतर थेट डब्ल्यूबीसीच्या पदासाठी लढला. एका गुणलेखकाने मारिओ बारिओसला ११५-११३ असे पुढे ठेवले, उरलेल्या दोघांनी ११४-११४ दिले, आणि बरोबरीमुळे पट्टा बारिओसकडेच राहिला.