नावाच्या अर्थाचा मजकूर : शब्द बदलणे वेगळे, पुन्हा लिहिणे वेगळे

नावाचा अर्थ सांगणारा मजकूर आपल्या भाषेत मांडायचा असला की बरेच जण जागोजागी समानार्थी शब्द घालतात आणि त्यालाच पुनर्लेखन समजतात. शब्द दोन्हीकडे बदलतात, म्हणून गल्लत होते. शब्दबदलात वाक्याचा सांगाडा तोच राहतो. पुनर्लेखनात माहिती तेवढी कायम राहते, मांडणी नव्याने होते. नावांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा, कारण इथे शब्द हाच विषय असतो.

हा मजकूर घ्या : ‘पंकज हे नाव संस्कृत आहे. पंक म्हणजे चिखल आणि ज म्हणजे जन्मलेला. चिखलात उगवते ते पंकज, म्हणजे कमळ. चिखलात वाढूनही ते निर्मळ राहते.’

शब्द बदलून : ‘पंकज हे अभिधान संस्कृत आहे. पंक म्हणजे गाळ आणि ज म्हणजे उपजलेला. गाळात उगवते ते पंकज, म्हणजे नीरज. गाळात वाढूनही ते निष्पाप राहते.’

‘गाळ’ चालून जाईल. ‘नीरज’ चुकला. कमळाला दोन्ही शब्द आहेत खरे, पण नीर म्हणजे पाणी. ‘गाळात उगवते’ असे सांगून लगेच नीरज म्हटले की फोड आणि अर्थ यांचा सांधा निखळतो, शिवाय वाचकाच्या हाती एका नावाचा अर्थ म्हणून दुसरेच नाव पडते. ‘निष्पाप’ हा माणसाचा गुण. फुलाला तो लागत नाही.

याचे कारण असे की नावाला दोन थर असतात : शब्दाच्या घटकांतून निघणारा अर्थ आणि रूढीने ठरलेला अर्थ. पंकजच्या बाबतीत पहिला ‘चिखलात जन्मलेले’, दुसरा ‘कमळ’. समानार्थी शब्द फार तर दुसऱ्या थरावर जुळतात. आदित्य, भास्कर, दिनकर हे तिन्ही सूर्यच. पण आदित्य म्हणजे अदितीचा पुत्र, भास्कर म्हणजे प्रकाश करणारा, दिनकर म्हणजे दिवस करणारा. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात असे पर्याय शेजारी शेजारी सापडतात, कारण पर्याय एकत्र देणे हेच त्याचे काम. फोड पाहायची तर व्युत्पत्ती देणारा कोश उघडावा लागतो.

मराठीत आणखी दोन खड्डे आहेत. पहिला लिंगाचा : ‘सूर्याचे तेज’ यात ‘तेज’च्या जागी ‘कांती’ टाकली की ‘सूर्याची’ करावे लागते, पुढची विशेषणे आणि क्रियापदेही फिरतात. दुसरा अनेकार्थी शब्दांचा. आपोआप शब्द बदलणारे साधन ‘नाव’ची ‘होडी’ करते, ‘अर्थ’चा ‘पैसा’ करते. ‘नीरद म्हणजे जलद, ढग’ या वाक्यातला जलद हा पाणी देणारा. साधन त्याला ‘वेगवान’ करून मोकळे होते. सरसकट ‘शोधा आणि बदला’ तर त्याहून घातक : ‘तेज’च्या जागी ‘प्रकाश’ म्हटले की ‘तेजस्विनी’ची ‘प्रकाशस्विनी’ होते.

पुनर्लेखन करताना आधी मुद्दे टिपून घ्या : मूळ भाषा, घटक, घटकांतून निघणारा अर्थ, रूढ अर्थ, आणि नाव ठेवण्यामागची भावना. घटक आणि दोन्ही अर्थ कोशात ताडून पाहा; मूळ मजकुरातच चूक असेल तर ती इथेच सापडते. मग तो मजकूर बंद करा आणि फक्त टिपणावरून लिहा. सुरुवात दुसऱ्याच मुद्द्यापासून केली तर जुना सांगाडा आपोआप सुटतो :

‘कमळाची मुळे तळ्याच्या चिखलात असतात. त्यावरूनच त्याला पंकज हा संस्कृत शब्द मिळाला : पंक म्हणजे चिखल, आणि शेवटचा ज “जन्मलेले” हा अर्थ देतो. मुलाला हे नाव देताना मनात असते ती कमळाची निर्मळता.’

चिखल, कमळ, जन्मलेले, निर्मळ हे शब्द इथे कायम आहेत, आणि ते तसेच असायला हवेत. माहिती कुणा एकाची नसते. वाक्यांची घडण लेखकाची असते. म्हणून शब्द बदलूनही सांगाडा तोच ठेवला तर उचलेगिरी दिसतेच. नावाचा अर्थ लावताना मूळ लेखकाने स्वतःचे काही म्हटले असेल, तर पूर्ण नव्याने लिहिल्यावरही त्याचा उल्लेख करावा.

समानार्थी शब्दांना जागा आहे, पण शेवटचा हात फिरवताना. ‘सुंदर’ तीनदा आले, ‘म्हणजे’ ओळीओळीला आले, तर तिथे बदल करा. बदललेला शब्द ठेवायचा की नाही, हे ठरवायला तो नावाच्या फोडीशेजारी ठेवून वाचा. अर्जुन म्हणजे श्वेत. तिथे ‘पांढरा’ बसतो, ‘गोरा’ म्हटले की रंगाचा अर्थ सरकून माणसाच्या कातडीवर जातो. असा शब्द लगेच काढा. शेवटी मूळ मजकूर उघडून दोन्ही शेजारी ठेवा : फोड तीच हवी, वाक्यांचा क्रम आणि रचना तीच नको.