मॅग्नमची दारू

सोलापुरात ‘दारू कुठली चांगली?’ असं कुणी विचारलं, तर उत्तराआधी महिना बघावा लागतो. जानेवारीच्या मध्यावर विचारलं असेल तर बोलणं बहुधा सिद्धेश्वराच्या गड्ड्यातलं, होम मैदानावर होणाऱ्या शोभेच्या दारूकामाचं. एरवी ते कशाचं असतं हे सांगायला नको. तिसरा अर्थ बंदुकीतल्या दारूचा. तो आता पंचनाम्यात आणि इतिहासाच्या पुस्तकात उरला आहे. माझी सगळी नोकरी काडतुसांच्या कारखान्यात गेल्यामुळे माझ्यापुरता तो जिवंत आहे, आणि म्हणूनच टेक्सासला असलेल्या भाच्यानं मध्यंतरी फोनवर विचारलं, “मामा, .४४ मॅग्नमची काडतुसं घरी भरायची आहेत. पावडर कुठली घेऊ?” .४४ मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचं एक जोरदार काडतूस, आणि पावडर म्हणजे त्यातली दारू. तिथे कायद्यानं घरी भरणं चालतं, इथे चालत नाही, त्याबद्दल पुढे येईलच. हे टिपण त्या प्रश्नाच्या मागच्या इतिहासाचं आहे. किती भरायची, हे इथे सापडणार नाही. ते दारू बनवणाऱ्याच्या चालू वर्षाच्या पुस्तकातच बघायचं असतं.

आधी शब्दाचा गुंता, कारण निम्मी भांडणं तिथूनच निघतात. ‘दारू’ फारसीतून आली आणि तिथे तिचा अर्थ औषध. आपण ‘दवादारू केली’ म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ बोलत असतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘मंदु’ म्हणजे औषध, ‘मंदु’ म्हणजे बाटलीतली, आणि ‘मंदुगुंडु’ म्हणजे दारूगोळा. कन्नड बोलणारा ‘मद्दु’ म्हणतो. तेही औषध आणि तेही बंदुकीचं, ‘मद्दुगुंडु’. चिनी भाषेत तर या मिश्रणाचं नावच ‘आगीचं औषध’ असं आहे. एकाच गावात तीन भाषांनी तीच गंमत केलेली पाहिली की वाटतं, ज्यांनी पहिल्यांदा हे हाताळलं त्यांना ते वैदूच्या बटव्यातलंच वाटलं असणार.

आता ‘मॅग्नम’. हा शब्दही बाटलीतूनच आला आहे. शॅम्पेनची दुप्पट मोठी, दीड लिटरची बाटली म्हणजे मॅग्नम. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी तो उचलून जास्त दारूच्या रायफल काडतुसांना लावला. म्हणजे मराठीत शब्दशः सांगायचं तर मॅग्नम काडतूस म्हणजे दारूची मोठी बाटली. पण बाटलीच्या बाबतीत दुप्पट म्हणजे दुप्पट, काडतुसाच्या बाबतीत तसं काही मोजमाप नाही. ते विक्रीचं नाव आहे. १९३५ मध्ये आलेल्या .३५७ मॅग्नमची पुंगळी, म्हणजे दारू भरायचं पितळी नळकांडं, जुन्या .३८ स्पेशलपेक्षा जेमतेम साडेतीन मिलिमीटर लांब केली, आणि तीही जास्त दारू मावावी म्हणून नव्हे. जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरच्या खान्यात ती चुकूनही पूर्ण बसू नये, एवढ्यासाठी. जुन्या पुंगळीतच जागा मुबलक होती.

‘मॅग्नम’ने आणखी एक घोळ घातला. पुंगळीच्या बुडाशी दारू पेटवणारी जी टोपी असते, तिचीही ‘मॅग्नम’ जात मिळते. नवा माणूस समजतो की मॅग्नम काडतुसाला मॅग्नम टोपी लागणारच. तसं काही नाही. तिची ज्योत जास्त गरम आणि जास्त वेळ टिकणारी असते, सहज न पेटणाऱ्या दारूसाठी ती केलेली आहे. म्हणजे टोपी ठरते दारूवरून, काडतुसाच्या नावावरून नाही. सहज पेटणाऱ्या दारूला तीच टोपी लावली की दाब उगाच चढतो. बाजारानं दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं आणि त्याची भरपाई वापरणाऱ्यानं करायची, असा हा प्रकार.

त्यात ‘ग्रेन’. दारू आणि गोळी दोन्ही ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे दाणा असं समजून दाणे मोजायला बसलेला माणूस मी पाहिला आहे. सराफाला विचारलं तर चटकन कळेल: एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, आणि राणीछाप रुपयाही तेवढ्याच वजनाचा. .३५७ ची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे रुपयाहून थोडी हलकी. .४४ ची २४० ग्रेनची, सव्वा तोळ्याहून थोडी जास्त.

काळ्या दारूच्या काळात निवडीचा प्रश्नच फारसा नव्हता. सोरा, गंधक, कोळसा. कमीजास्त करायचं ते दाण्याचं आकारमान. तोफेला जाड, बंदुकीला बारीक, रंजकाला त्याहून बारीक. परांड्याहून १६३२ मध्ये विजापूरला नेलेली मलिक-ए-मैदान तोफ असो की मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या वेढ्यात सोलापूरच्या भुईकोटावरून झालेला मारा असो, दारू एकाच कुळातली. ठासणीची बंदूक वापरणारा शेतकरी दारू तोलत नसे, मापानं ओतत असे, आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जाई. पितळी पुंगळ्या आल्यावरही हीच रीत राहिली. पुंगळी काठोकाठ भरायची, वरून गोळी दाबायची. १८७० च्या दशकातलं .४५ कोल्ट त्याच हिशेबानं बेतलं. १८९८ च्या सुमारास आलेल्या .३८ स्पेशलची पुंगळीही काळ्या दारूच्या मापाचीच.

पण तोवर फ्रान्समध्ये १८८४ मध्ये बिनधुराची दारू निघाली होती. पाठोपाठ १८८९ मध्ये इंग्लंडात कॉर्डाइट आलं. दोरीसारखं ओढलेलं म्हणून हे नाव, आणि निलगिरीतल्या अरुवंकाडूचा कारखाना त्याच्यासाठीच उभा राहिला. तेवढ्याच वजनात बिनधुराच्या दारूची ताकद काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट. म्हणजे ती थोडीच लागते. इथे सगळ्या गोष्टीची गोम आहे. पुंगळी मोठी राहिली आणि दारू तळाशी नखभर झाली. अमेरिकेत १८९८ ची ‘बुल्सआय’ आणि १९०० ची ‘युनिक’ अजूनही डब्यांत विकली जाते. यातली पहिली फार झटपट पेटते. तिच्या एका मापानं .३८ ची पुंगळी अर्धीही भरत नाही. चुकून दोनदा ओतली तरी वरून गोळी बसते, काडतूस दिसायला अगदी शहाणं दिसतं, आणि रिव्हॉल्व्हरचा वरचा पट्टा उडाल्यावरच चूक कळते.

शिवाय झटपट पेटणारी दारू गोळी हलायच्या आत सगळा दाब तयार करते. हलक्या, हळू गोळीला ते चालतं. जड गोळीला वेग द्यायचा असेल तर दाब एकदम न चढता थोडा रेंगाळायला हवा, म्हणजे गोळी नळीतून जाईपर्यंत तिला रेटा मिळत राहतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आयडाहोतला एक गुराखी शिकारी याच्या मागे लागला होता. त्यानं .४५ कोल्टची रिव्हॉल्व्हरं फोडून पाहिली, मग .४४ स्पेशलकडे वळला, कारण भोक लहान असल्यानं खान्याच्या भिंती जाड राहतात. त्याच्या हातात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘२४००’ नावाची नवी दारू पडली. ती रिव्हॉल्व्हरसाठी केलेलीच नव्हती. .२२ हॉर्नेट नावाच्या चिमुकल्या रायफल काडतुसात ती सेकंदाला २,४०० फूट वेग देई म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. पण तिनं ती मोठी पुंगळी बरीचशी भरली, आणि दुसऱ्यांदा ओतली तर बाहेर सांडू लागली. मला विचाराल तर मॅग्नमचा खरा जन्म या सांडण्यात आहे. १९३५ चं .३५७, १९५५ च्या शेवटी जाहीर झालेलं .४४ आणि १९६४ चं .४१ ही तिन्ही एका संथ दारूला मिळालेली कायदेशीर घरं.

यानंतरचा वाद अजून मिटलेला नाही. महायुद्धात अमेरिकेच्या हलक्या .३० कार्बाइनसाठी गोल दाण्यांची दारू मोठ्या प्रमाणावर बनली होती. जुन्या तोफांची खराब होत चाललेली दारू विरघळवून पुन्हा वापरता येईल का, या खटपटीतून ती रीत निघाली होती. युद्ध संपल्यावर शिल्लक दारू विकत घेऊन किरकोळ विकणारे उभे राहिले. कान्ससमधल्या एकानं तर ती मालगाडीच्या जुन्या डब्यांत साठवली होती. त्या घराण्यातली ‘एच-११०’ मॅग्नमवाल्यांची लाडकी झाली. दुसऱ्या कंपनीची ‘२९६’ तिची स्पर्धक म्हणून वर्षानुवर्षं विकली गेली, लोक दोन्हींचे गुण-दोष तावातावानं सांगत राहिले, आणि पुढे विक्रेत्यानंच मान्य केलं की दोन्ही डब्यांत माल एकच.

ही दारू गोळीला भरपूर वेग देते, हे खरं. पण तिचं एक अट्टल वागणं आहे. पुंगळी भरलेली आणि तोंड गोळीभोवती घट्ट आवळलेलं असेल तरच ती नीट जळते. इतर दारूंच्या बाबतीत सांभाळून सुरुवात करायची म्हणजे कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरू करायचं, हा सर्वमान्य शहाणपणा. हिच्या बाबतीत विक्रेतेच सांगत आले की कमाल आकड्याच्या तीन टक्क्यांहून जास्त खाली जाऊ नका. म्हणजे इथे घाबरून कमी भरणाराच धोक्यात. का, यावर दोन पक्ष पडले. एक म्हणतो, कमी भरलेली संथ दारू आडवी पसरते, सगळीकडून एकदम पेट घेते आणि स्फोटच होतो. दुसरा म्हणतो, स्फोट वगैरे काही नाही. दारू अर्धवट पेटून विझते, गोळी नळीत अडकते, आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते तेव्हा नळी फाटते. पहिल्या पक्षाचा स्फोट प्रयोगशाळेत हुकमी घडवता आलेला नाही. अडकलेली गोळी मात्र मी स्वतः गज घालून काढली आहे, म्हणून माझा कल दुसऱ्या बाजूला. तरीही सूचना दोन्ही पक्षांची एकच असल्यानं वाद चहापुरता ठीक आहे.

दुसरं भांडण आकड्यांचं. जुन्या पुस्तकांत दाब मोजायचा तो तांब्याची गुंडी किती चेपली यावरून. पुढे दाबाखाली वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकाचे संवेदक आले आणि मोजपट्टीच बदलली. .३५७ चा जुना कमाल आकडा ४५,००० च्या आसपास, नव्या पट्टीवर ३५,००० पौंड प्रति चौरस इंच; .४४ चा ३६,०००. हे पाहून कित्येकांनी ठरवलं की वकिलांच्या भीतीनं कंपन्यांनी काडतुसात पाणी घातलं. काही पुस्तकांतले आकडे खरोखर खाली आले, हेही नाकारता येत नाही. पण दोन पट्ट्यांवरचे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करणं म्हणजे तोळ्यातून ग्रॅम वजा करणं. त्यातच १९९५ मध्ये ‘२४००’ बनवणारा धंदा दुसऱ्या मालकाकडे गेला, आणि नवी ‘२४००’ जुनीपेक्षा तापट आहे ही कुजबुज सुरू झाली. म्हणजे आधी एका मालाला दोन नावं, आणि आता एका नावाखाली दोन माल असल्याचा संशय. जुन्या शिकाऱ्यांचे गाजलेले आकडे नव्या डब्याला लावू नयेत, यावर निदान आता एकमत आहे.

आपल्याकडे हे सगळं वाचण्यापुरतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि व्याख्येत काडतुसाचे भागही येतात. स्फोटकांचा कायदा १८८४ पासूनचा, तो वेगळा. मॅग्नम रिव्हॉल्व्हर तिकडे हरणाच्या शिकारीला नेतात. इथे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, आणि नान्नजच्या माळावर १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. सोलापूरच्या परवानाधारकाकडे रिव्हॉल्व्हर असलं तर ते बहुधा ‘बत्तीस बोर’. तिथे बोर म्हणजे इंचाचे शतांश. बारा बोरच्या बंदुकीत मात्र बोर म्हणजे एका पौंड शिशात होणाऱ्या गोळ्या. हा गुंता पुन्हा कधीतरी. बत्तीस बोरची काडतुसं कारखान्यातून भरूनच येतात, बुडावर ‘केएफ’ म्हणजे खडकीचा शिक्का असतो, आणि आत कुठली दारू आहे हे कुणी विचारत नाही.

भाच्यानं शेवटी ‘२४००’ चा डबा घेतला. मी त्याला एवढंच सांगितलं, की पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या कर, आणि गोळ्या बसवायच्या आधी वरून बॅटरी मारून प्रत्येकीत दारू कुठवर आली आहे ते बघ. पहिल्याच रात्री त्याचा फोन आला. चौतिसावी रिकामी होती.