पान निळं, फूल लाल, रेघ गायब

विळीवर केळफूल चिरलं की बोटं काळी पडतात. केळफुलातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि विळीचं लोखंड यांची ती करामत. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीतले कलमकार, म्हणजे कलमाने कापडावर नक्षी काढणारे कारागीर, याच रसायनावर गालिचे रंगवत. हे गालिचे सुती कापडाचे, आपल्या जाजमासारखे. उन्हाळ्यात लोकरीवर कोण बसणार! मधलं पदक आणि भोवतीची वेलबुट्टी मात्र थेट इराणी गालिच्याच्या वळणाची.

कोरं कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. हिरड्यातून टॅनिन मिळतं, दुधातल्या स्निग्धतेमुळे रेघ फुटत नाही. लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवायचे आणि ते पाणी बांबूच्या कलमाने कापडावर ओढायचं. रेघ लगेच काळी पडते.

खरी गंमत लाल रंगाची. फुलांच्या पाकळ्यांत कारागीर भरतो ते नुसतं तुरटीचं पाणी. त्यात लाल असं काहीच नसतं. मग कापड चाय नावाच्या झुडपाच्या मुळांबरोबर उकळतात (आपल्या चहाशी याचा संबंध नाही). तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एकीकडे धाग्याला धरून असतं, दुसरीकडे मुळांतल्या अ‍ॅलिझरिन या लाल रंगद्रव्याला पकडतं. तुरटी लागली तिथेच लाल पक्का बसतो. बाकीचा धुऊन आणि उन्हात वाळवून काढतात. कृष्णेच्या मुखाजवळ, शिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूत वाढलेली मुळं यासाठी नावाजलेली होती.

निळीची तऱ्हा वेगळी. ती पाण्यात विरघळत नाही. पिंपात आंबवून तिचं रासायनिक रूप बदललं की विरघळते आणि कापड हवेत येताच ऑक्सिजनमुळे पुन्हा निळी होते. जिथे निळं नको तिथे मेण. पिंप गार असल्याने मेण टिकतं. हिरव्या पानांसाठी निळ्यावर पिवळा चढवत.

आमेरच्या, म्हणजे पुरंदरच्या तहातल्या मिर्झाराजांच्या आमेरच्या, कोठारातली अशी काही कलमकारी कापडं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. अशा जुन्या कापडांवर पानं बरेचदा निळी दिसतात. कारागीर चुकला नव्हता, वनस्पतींचा पिवळा उजेडात उडून गेला. लाल मात्र अजून ठसठशीत. सर्वात वाईट गत काळ्याची: लोखंडामुळे सुती धागा हळूहळू कुजतो, आणि रेघ होती तिथे बारीक चीर उरते.