पोहोचण्याआधीच फुटणारं केंद्रक

शिशाच्या पातळ थरावर टायटॅनियमच्या केंद्रकांचा मारा केला, की क्वचित एखादं केंद्रक शिशाच्या केंद्रकात मिसळून जातं. २२ प्रोटॉन आणि ८२ प्रोटॉन मिळून १०४, म्हणजे रुदरफोर्डियम. जर्मनीत डार्मस्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत रुदरफोर्डियम-२५२ (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून २५२) असंच घडवलं गेलं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं फुटून जायला लागणारा वेळ, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं, ६० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम १८ मीटर जातो.

पंचाईत अशी, की मोजणारं यंत्र लांब असतं. धडकेच्या जोरानं पुढे फेकलेलं केंद्रक आधी टास्का नावाच्या विभाजकातून जातं. तिथली चुंबकं त्याला टायटॅनियमच्या लोंढ्यातून बाजूला काढतात आणि शेवटी ते सिलिकॉनच्या डिटेक्टरमध्ये रुततं. या प्रवासाला साधारण ०.६ मायक्रोसेकंद, म्हणजे ६०० नॅनोसेकंद लागतात, दहा अर्धायुष्यं. दहा वेळा निम्मं करत गेलं तर हजारातलं एखादंच उरणार, आणि इथे हजार केंद्रकं आहेत कोणाकडे!

हे फुटणं म्हणजे विखंडन. बाहेरून कुणी धक्का न देता केंद्रक असं आपोआप दुभंगतं, हे १९४० मध्ये फ्लेरोव आणि पेत्रझाक या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी युरेनियममध्ये पाहिलं. हा अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा प्रताप नाही ना, ही शंका फेडायला त्यांनी उपकरण मॉस्कोच्या दिनामो या भुयारी मेट्रो स्थानकात नेलं होतं. युरेनियमच्या बाबतीत ही घटना इतकी दुर्मीळ, की तिचं अर्धायुष्य वर्षांत लिहायचं तर एकावर सोळा शून्यं येतात. रुदरफोर्डियममध्ये प्रोटॉनांची आपसातली ढकलाढकल इतकी, की केंद्रक कसंबसं तग धरून असतं.

मग डार्मस्टाटमध्ये जमलं कसं? काही केंद्रकं जन्मतःच उत्तेजित अवस्थेत अडकतात. या अवस्थेला आयसोमर म्हणतात. त्यात प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनांची एखादी जोडी सुटलेली असते, आणि ही मांडणी विखंडनाला आडवी येते. जादा ऊर्जा असलेलं केंद्रक लवकर फुटावं, असं कुणालाही वाटेल. इथे नेमकं उलटं होतं. आयसोमरचं अर्धायुष्य १३ मायक्रोसेकंद, म्हणजे मूळ अवस्थेच्या दोनशे पटींहून जास्त. त्यामुळे ते डिटेक्टरपर्यंत सुखरूप पोहोचतं आणि ६० नॅनोसेकंदांचं घड्याळ तिथे गेल्यावरच सुरू होतं.

डिटेक्टर तीन खुणा टिपतो. आधी केंद्रक रुतल्याची, मग आयसोमर मूळ अवस्थेत उतरताना सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची आणि शेवटी विखंडनाची. ही शेवटची खूण चुकायची सोयच नाही, कारण दोन तुकडे मिळून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा घेऊन उडतात. अवघड असते ती मधली. मिळालेल्या २७ केंद्रकांपैकी फक्त तिघांत इलेक्ट्रॉन दिसले, आणि तिन्ही वेळा २५० नॅनोसेकंदांच्या आत विखंडन झालं.

तीनच नोंदी, त्यामुळे खरा आकडा ३० ते १५० नॅनोसेकंदांत कुठेही असू शकतो. तरीही तो पुरेसा बोलका आहे. दोनच न्यूट्रॉन जास्त असलेलं रुदरफोर्डियम-२५४ सुमारे २३ मायक्रोसेकंद टिकतं, जवळपास चारशे पट.